एक मिली दूध

इअरफोन लावलेत ना? आज जरा घरातली गोष्ट सांगतो.

दोन वर्षांपूर्वी माझ्या ताईचं बीपी अचानक खूप वाढलं आणि तिसाव्या आठवड्यातच सिझर करावं लागलं. ३७ आठवड्यांच्या आधी जन्मलेल्या बाळाला प्रीमॅच्युअर म्हणतात. म्हणजे आमचे भाचेराव चांगलेच घाईत होते! वजन फक्त ११५० ग्रॅम. लगेच एनआयसीयूत, काचेच्या पेटीत.

पेटी कशाला? तर एवढ्या लहान बाळाच्या अंगावर चरबीच नसते, त्यामुळे ते स्वतःची ऊब टिकवू शकत नाही. फुफ्फुसंही कच्ची असतात, म्हणून श्वासाला मशीनचा आधार. आणि ओढणं, गिळणं, श्वास घेणं या तिन्हींचा मेळ साधारण ३४ आठवड्यांपर्यंत नीट बसत नाही. म्हणून दूध नळीतून, थेट पोटात.

किती? दर दोन तासांनी एक मिली. चहाच्या चमच्याचा पाचवा भाग!

पण तेवढंही ताईला येत नव्हतं. बाळ लवकर झालं, आई आजारी असली की दूध यायला कधी कधी उशीर होतो, यात आईची काहीच चूक नसते. तरी ताई रडायची. मी डॉक्टरांना विचारलं, "पावडरचं दूध आणू का?" ते म्हणाले, "थांबा." अशा बाळांची आतडी फार नाजूक असतात. पावडरच्या दुधावर त्यांना आतड्याच्या एका गंभीर आजाराचा धोका जास्त असतो, आईच्या दुधावर तो कमी होतो. आईचं नसेल, तर दुसऱ्या आईचं दान केलेलं दूध चालतं.

मला तोवर माहीतच नव्हतं की दुधाचीही बँक असते! आशियातली पहिली ह्यूमन मिल्क बँक आपल्या मुंबईतच, सायन हॉस्पिटलमध्ये, १९८९ साली डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. काम कसं चालतं? दान करणाऱ्या आईच्या रक्ताची एचआयव्ही, कावीळ वगैरेंसाठी तपासणी होते. दूध ६२.५ अंशांवर ३० मिनिटं तापवतात, त्यात जंतू नाहीत ना ते बघतात आणि उणे २० अंशांवर गोठवून ठेवतात. म्हणूनच व्हॉट्सॲप ग्रुपवरून ओळखीपाळखीने परस्पर दूध घेऊ नका. बँकेतूनच घ्या.

आता मुद्द्याची गोष्ट. मी खिशात कार्ड घेऊन उभा होतो, पण हे दूध बाजारात मिळणारी वस्तूच नाही. आपल्याकडे आईच्या दुधाची विक्री करायला परवानगी नाही. २०२४ मध्ये एफएसएसएआयने ते पुन्हा बजावलंय. कुणीतरी दिलं तरच ते आहे.

आणि हिशोब बघा. कुणा ताईने १०० मिली दिलं, म्हणजे साधारण एक कटिंग चहाएवढं. सुरुवातीच्या मापाने त्यात आमच्या बाळाचे आठ दिवस निघाले असते!

दान म्हटलं की आपल्याला मोठा चेक आठवतो आणि "नोकरी लागली की बघू" म्हणून आपण पुढे स्क्रोल करतो. पण तुम्ही १८ वर्षांचे असाल, वजन ४५ किलोच्या वर असेल आणि तब्येत ठणठणीत असेल, तर रक्त देऊ शकता. या बाळांना तेही लागतं, आणि तेही थोडंथोडंच. घरात कुणी बाळंतीण असेल, बाळाचं पोट भरून दूध उरत असेल, तर तिला मिल्क बँकेबद्दल एवढं नुसतं सांगा.

पाचव्या दिवशी ताईला दूध आलं. पुढे इतकं आलं की घरी जाण्याआधी तिने स्वतःच बँकेत दिलं. ते कुणाच्या बाळाला गेलं, तिला माहीत नाही. आमच्या बाळाला कुणी दिलं, ते आम्हालाही नाही.

भाचा आता घरभर पळतो. हा भाग रेकॉर्ड करताना दोनदा माइक ओढलाय त्याने!

चला, भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.