कोब्राची चाकं आणि अर्धवट राहिलेली गाडी

आज इंजिनाबद्दल फारसं बोलायचं नाही. आज फक्त चाकं.

जुन्या स्पोर्ट्स कारची प्रतिकृती घरच्या गॅरेजमध्ये बांधणारे हौशी लोक अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये पुष्कळ आहेत, आणि त्यांची सगळ्यात लाडकी गाडी म्हणजे कोब्रा. ब्रिटनच्या एसी कंपनीची 'एस' ही हलकी, देखणी गाडी होती. १९६२ साली कॅरोल शेल्बी यांनी तिच्यात फोर्डचं व्ही-८ इंजिन बसवलं आणि कोब्रा जन्माला आली. अस्सल कोब्रा सुमारे हजारच बनल्या. प्रतिकृती त्याच्या कित्येक पट आहेत. यातल्या बऱ्याच गाड्या इंजिन चालू होतं, रंग लागतो आणि मग अडतात. कुठे? चाकांपाशी. कारण चाकं शेवटी बसतात, म्हणून त्यांचा विचारही शेवटी केला जातो. माझं म्हणणं उलट आहे. चाक सगळ्यात आधी ठरवा, बाकीची गाडी त्याच्याभोवती बांधा.

पहिला प्रश्न : तुम्ही नेमकी कोणती कोब्रा बांधताय? सुरुवातीच्या २६० आणि २८९ घन इंचांच्या इंजिनांच्या गाड्यांना तारांची चाकं होती, मडगार्ड अंगालगत. १९६५ची ४२७ मात्र फुगीर मडगार्डची, आणि तिच्या रेसिंग रूपाला हॅलिब्रँडची मॅग्नेशियमची चाकं : १५ इंची, पुढे साडेसात इंच रुंद, मागे साडेनऊ. रस्त्यावरच्या अनेक ४२७ना सूर्यकिरणांसारख्या नक्षीची 'सनबर्स्ट' चाकं मिळाली. फुगीर मडगार्डाखाली तारांचं अरुंद चाक बसवलं, की जाणकार लांबूनच हसतो.

तारांचं चाक दिसतं नाजूक, पण त्यामागचं डोकं भारी आहे. बैलगाडीचं चाक आठवा. तुंब्याखालचा लाकडी आरा वजन दाबून पेलतो. तार दाबून काहीच पेलत नाही, ती वाकेल. म्हणून सगळ्या तारा आधीच ताणून ठेवतात, सायकलच्या चाकासारख्या. वजन आलं की खालच्या तारांचा ताण थोडा कमी होतो, एवढंच. एक तार ढिली झाली की शेजारणींवर भार येतो आणि चाकाला आउट येतो. तारांची टोकं रिममधून आरपार येत असल्यामुळे जुन्या पद्धतीच्या अशा चाकात ट्यूब लागतेच.

हे चाक पाच नटांवर बसत नाही. हबवर दाते असतात, त्यावर चाक सरकवायचं आणि मधोमध कान असलेला एकच मोठा नट तांब्याच्या किंवा शिशाच्या हातोड्यानं ठोकून घट्ट करायचा. आता गंमत बघा. गाडीच्या डाव्या बाजूला नेहमीचे आटे असतात, उजव्या बाजूला उलटे. नटाचा शंकू चाकाच्या खोबणीपेक्षा किंचित लहान असतो. मोठ्या कड्यात लहान कडं घरंगळावं तसा तो चाक फिरताना सूक्ष्म प्रमाणात उलट्या दिशेनं सरकतो, म्हणजे घट्ट होत जातो. म्हणून या प्रकारचा नट सोडवायचा तो गाडी पुढे जाताना चाक फिरतं त्याच दिशेनं. डावा-उजवा हब अदलाबदल होऊन बसला, तर हीच युक्ती नट सोडवायला लागते. पुढचं सांगायला नको.

हॅलिब्रँडमध्ये दात्यांऐवजी खुंट्या असतात, पण मधला कानवाला नट आहेच. मॅग्नेशियम ॲल्युमिनियमपेक्षा साधारण एक तृतीयांश हलकं, पण त्याला गंज आणि तडे या दोन्हींचं भय. साठ वर्षांपूर्वीचं असं चाक मिळालंच, तर तडे शोधणाऱ्या रंगद्रव्याची तपासणी झाल्याशिवाय ते रस्त्यावर आणू नये, भिंतीवर छान दिसतं. आणि आरशासारखी चकचकीत चाकं मला तरी खटकतात. गंज रोखायला मॅग्नेशियमवर प्रक्रिया करत, त्यानं मळकट सोनेरी-तपकिरी छटा यायची.

आता प्रतिकृती. किट गाडीच्या खाली बहुधा फोर्ड मस्टँगचे सुटे भाग असतात, म्हणजे चाक पाच नटांवर आणि मधला कानवाला नट नुसती शोभा. १९७९ ते १९९३च्या बऱ्याच मस्टँगला तर चारच नट होते, तेव्हा हबसुद्धा बदलावे लागतात. ज्यांना खरा मधला नटच हवा, ते मध्ये अडॅप्टर घालतात. इथे गणित करा. समजा चाकाचा ऑफसेट +४० मिलिमीटर आहे आणि अडॅप्टर ५० मिलिमीटर जाड. मग चाक –१० असल्यासारखं बाहेर येतं, बेअरिंगवरचा ताण वाढतो, स्टिअरिंग खड्ड्यात हिसके देतं. अडॅप्टर घ्यायचं तर चाकही त्या हिशेबाचं घ्यावं.

दुसरं गणित टायरचं. मोठे ब्रेक हवेत म्हणून लोक १७ इंची चाकं घेतात, कारण १३ इंची डिस्क आणि तिचा कॅलिपर १५ इंची रिमच्या आत मावत नाही. मागे २७५/६० आर १५ टायरचा व्यास सुमारे ७११ मिलिमीटर. त्याच्या जागी ३१५/३५ आर १७ बसवला तर ६५२. चाक मोठं, टायर लहान! मडगार्ड आणि टायर यांतली फट ३० मिलिमीटरनं वाढते आणि जुन्या मापावर बेतलेला स्पीडोमीटर ताशी शंभर किलोमीटर खऱ्या वेगाला १०९ दाखवतो. गाडी ओकीबोकी का दिसते हे बांधणाऱ्याला कळत नाही, तो बिचारा स्प्रिंग कापायला निघतो.

म्हणून रंगाआधी मापं घ्या. स्प्रिंग काढून सस्पेन्शन पार वरपर्यंत दाबा, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवा, टायरच्या मापाचा प्लायवूडचा तुकडा हबवर लावून तो कुठे घासतो ते बघा. एक दुपार जाते. रंग दिल्यावर फायबरचं मडगार्ड कापायला लागलं तर महिने जातात, आणि मग गाडीवर कापड पडतं ते पडतंच.

'आपल्याकडे जमेल का?' असं अनेक जण विचारतात. अलिबागजवळ कार्लेखिंडीत चिंकारा मोटर्सनं लोटस सेव्हनच्या धर्तीवर रोडस्टर बनवली, १.८ लीटरच्या इसुझु इंजिनाची. मात्र नोंदणी झालेली गाडी घरी कापून दुसरीच काही करणं वेगळं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि जानेवारी २०१९चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल पाहता, मूळ निर्मात्याच्या तपशिलांपासून फारकत घेता येत नाही. आधी आरटीओत विचारा, मग करवत उचला.

अमेरिकेत तर खुद्द कानवाल्या नटावरच गदा आली होती. पादचाऱ्याला लागेल म्हणून १ जानेवारी १९६८पासून नव्या मोटारींना बाहेर आलेले कान असलेले नट लावायला बंदी झाली. जॅग्वार आणि एमजीनं बिनकानी नट दिले, ते मोठ्या पान्यानं फिरवायचे. प्रतिकृतीत खरा मधला नट बसवलात, तर त्याला लॉकवायर बांधा, पहिल्या पन्नास किलोमीटरनंतर थांबून पुन्हा ठोका, आणि ठोकण्याआधी गाडीच्या कोणत्या बाजूला उभे आहात ते पाहा.