शितावरून भाताची परीक्षा?

एकाच पेटीतले दहा बाण ओळीने लावून पाहा. एक सरळ आभाळात जातो, दुसरा शेजाऱ्यांच्या माडीत शिरू पाहतो, तिसरा बाटलीतच फुसफुसतो. दिवाळीत या लहरीपणाची गंमत वाटते. पण हजार यार्डांवरचे, म्हणजे ९१४ मीटरवरचे लक्ष्य टिपू पाहणाऱ्या नेमबाजाला तो कसा परवडावा?

अमेरिकेत ‘पन्नास कॅलिबर’च्या, म्हणजे अर्ध्या इंची नळीच्या रायफलींनी अशी नेमबाजी चालते. तिथले हौशी लोक काडतुसे घरी स्वतःच्या हातांनी भरतात. (आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यामुळे परवान्यावाचून हे करता येत नाही.) पितळी पुंगळी, टोपी, काट्यावर तोललेली दारू आणि वर सुमारे पन्नास ग्रॅमची गोळी, एवढा हा संसार! पण दारूचे वजन, पुंगळीच्या तोंडाची पकड किंवा हवेचा उष्मा जरा बदलला की वेगही बदलतो. सेकंदाला २८०० फुटांच्या वेगात १० फुटांची घट झाली, तर हजार यार्डांवर गोळी सुमारे दोन इंच खाली लागते.

वेग मोजायचा कसा? इंग्लंडच्या बेंजामिन रॉबिन्स यांनी टांगलेल्या जड लंबकावर गोळी झाडली आणि लंबक किती झुलला यावरून तिचा वेग काढला. १७४२ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी ही युक्ती सांगितली. आज तेच काम रडारचे चिमुकले यंत्र करते. यंत्र आकडा देते. निवाडा मात्र माणसालाच करावा लागतो.

मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो. बंदूक कधी हाती धरली नाही. पण हा निवाडा माझ्या विषयातला आहे. समजा, पाच गोळ्यांचे वेग २८००, २८०६, २७९५, २८०३ आणि २७९६ असे आले. सर्वांत जलद आणि सर्वांत मंद गोळीतला फरक ११ फूट, प्रमाण विचलन सुमारे ४.६ फूट. नेमबाज खूश! पण गणित सांगते की, या पाचांच्या भरवशावर खरे विचलन ३ पासून १३ फुटांपर्यंत कुठेही असू शकेल. हेच उत्तर तीस गोळ्यांवर आले असते, तर ती मर्यादा साधारण पावणेचार ते सव्वासहा फुटांवर आली असती.

जलद-मंद गोळ्यांतला फरक तर आणखी फसवा. पाच गोळ्यांत तो सरासरीने विचलनाच्या सव्वादोन पटींहून थोडा अधिक असतो, तीस गोळ्यांत चौपट होतो. काडतुसे तीच, गोळ्या जास्त झाडल्या एवढाच त्यांचा गुन्हा!

या काडतुसांना पैसा पडतो, नळीही झिजते. म्हणून माणूस पाचांवर थांबतो, एका भरणीला ४.६ आणि दुसरीला ७ आले की दुसरी टाकून देतो. पाच-पाच गोळ्यांवर एवढा फरक निव्वळ योगायोगानेही पडतो. कदाचित टाकलेली भरणीच सरस असेल!

शितावरून भाताची परीक्षा करतात ते ठीकच आहे. पातेल्यातली सारी शिते एकाच आधणात शिजलेली असतात. इथे प्रत्येक काडतूस म्हणजे वेगळी चूल आणि वेगळे पातेले. तिथे पाच शिते चाखून पंगतीला बोलावणे धाडू नये, हेच बरे.