जुनं इंजिन, कोरडा पंप

आपल्या लॅबमधलं डिझेल इंजिन १५०० आरपीएमवर फिरतं. विहिरीवरचं जुनं लिस्टर पद्धतीचं इंजिन मात्र फक्त ६५० आरपीएमचं! एक सिलिंडर, दोन जड फ्लायव्हील, सहा हॉर्सपॉवर. फोर-स्ट्रोक असल्यामुळे मिनिटाला ३२५ स्फोट, म्हणून त्याची फुकफुक इतकी संथ. मूळ डिझाइन इंग्लंडमधल्या डर्सली गावचं, १९३० च्या सुमाराचं. पुढे राजकोटच्या कारखान्यांत त्याच धर्तीची इंजिनं बनू लागली.

असंच एक इंजिन माझ्या मामाच्या विहिरीवर कित्येक वर्षं पडून होतं. मोटर बसल्यावर त्याला कोण विचारतो? भंगारवाला किलोच्या भावाने मागत होता. पण दिवसा लाइट गेली की कांद्याला पाणी द्यायचं कसं? म्हणून सुट्टीत गावच्या मिस्त्रींना घेऊन ते उघडलं. रंगाचा डबा सगळ्यात शेवटी, हा त्यांचा पहिला नियम.

पिस्टन जाम होता. अशा वेळी हँडलला लटकायचं नाही. हेड काढून सिलिंडरमध्ये रॉकेल आणि ऑइल ओतलं, चार दिवस मुरू दिलं. मग फ्लायव्हील मागे-पुढे, थोडं थोडं हलवत मोकळं केलं. जुनं ऑइल काढलं, टाकी धुतली, फिल्टर बदलला, पाइपातली हवा काढली. नोझलचा फवारा तपासताना हात दूर ठेवा, तो कातडीत घुसतो.

सुरू करण्याआधी बंद कसं करायचं ते बघा! फ्युएल पंपाची रॅक गंजून अडकली असेल, तर गव्हर्नर डिझेल कमी करू शकत नाही आणि इंजिन सुसाट सुटतं. आमची रॅक अडकलेलीच होती. ती बोटाने सहज सरकेपर्यंत मिस्त्रींनी हँडलला हात लावू दिला नाही.

आता पंप. पंप पाणी ‘ओढतो’ असं आपण म्हणतो, खरं तर हवेचा दाब ते वर ढकलतो. थिअरीत १०.३ मीटर, प्रत्यक्षात सहा-सात मीटर धरा. सक्शनमध्ये हवा शिरली की खेळ खलास. म्हणून ग्लँडची दोरी बदलली, फूटव्हॉल्व्ह साफ केला आणि पंप काठोकाठ भरून ठेवला. पातळी उतरली नाही, म्हणजे व्हॉल्व्ह धरतोय.

ही काळजी इंजिनासाठीसुद्धा आहे. आमच्याकडे पंपाच्या डिलिव्हरीतलंच थोडं पाणी इंजिन थंड करतं. पंप कोरडा पडला, की इंजिन तापलंच. आणि तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं तर हेड तडकू शकतं. म्हणजे दोन मशीन नाहीत, एकच आहे.

शेवटी डीकॉम्प्रेशन लिव्हर उचलून हँडल जोरात फिरवलं, लिव्हर सोडला, आणि फुकफुक सुरू! मिनिटभरात पाटात पाणी.

डिझेल महाग, त्यामुळे रोजचं काम मोटरच करते. पण पंधरा दिवसांतून एकदा मामा ते पाच मिनिटं चालवतो. तुमच्या गावी असं इंजिन असेल, तर भंगारात देण्याआधी फ्लायव्हील हलतंय का एवढं तरी बघा.