होडीत फोम भरायचा म्हणजे नक्की काय?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी हे या भागाचं लेखी रूप. बोलताना मी आकडे भराभर सांगून टाकतो अशी तक्रार आहे, म्हणून इथे ते नीट मांडलेत. आणि निम्मे 'म्हणजे' काढून टाकलेत.

आजचा विषय छोटी मासेमारीची होडी. ट्रॉलर नाही, पर्ससीन नाही. १६ ते २० फुटांची, मागे एक आऊटबोर्ड इंजिन, आत दोन-तीन माणसं आणि जाळं. मालवण-वेंगुर्ल्याच्या बाजूला गेलात तर वाळूवर अशा होड्या रांगेने ओढून ठेवलेल्या दिसतात. त्यातल्या पुष्कळशा आता फायबरच्या असतात. या होड्या जुन्या झाल्या की लोक म्हणतात, 'फायबर मारून घेऊ, आत फोम भरू.' वाक्य एकच, पण त्यात तीन-चार वेगवेगळी कामं लपलेली आहेत आणि ती एकमेकांत मिसळली की होडी दिसते नवी, पण वागते जुन्यापेक्षा वाईट.

आधी फायबर म्हणजे काय ते बघू. गावाकडची कुडाची भिंत आठवा. आत काठ्या, बाहेरून माती. नुसत्या काठ्यांची भिंत होत नाही, नुसती माती तडकते. फायबरग्लासचं तेच आहे. काचेचे बारीक धागे म्हणजे काठ्या, आणि रेझिन म्हणजे माती. ताण धागे घेतात, आकार रेझिन धरून ठेवतं. बाजारात धाग्यांची चटई मिळते, तिला मॅट म्हणतात. ४५० ग्रॅमची मॅट म्हणजे एका चौरस मीटरला ४५० ग्रॅम काच. तिचा एक थर रेझिनमध्ये भिजवून वाळवला की साधारण १ मिलिमीटर जाडी मिळते. म्हणजे ६ मिलिमीटरचा तळ हवा तर सहा थर. होडीच्या जगात हे तसं नवंच आहे. अमेरिकेत रे ग्रीन नावाच्या माणसाने १९४२ मध्ये काच आणि पॉलिएस्टर वापरून छोटी शिडाची होडी केली, ती अशा पहिल्या होड्यांपैकी एक.

आता यात फोम कुठून आला?

मामांच्या होडीचं उदाहरण घेतो, कारण हा सगळा अभ्यास तिच्यामुळेच झाला. १८ फुटी होडी. मामांची तक्रार एवढीच होती, की पूर्वी चार माणसं ती वाळूवर ओढायची, आता सहा लागतात. इंजिन तेच, माणसंही तीच. मग वजन कुठून आलं?

मागची सपाट फळी, जिच्यावर इंजिन टांगतात, तिला ट्रान्सम म्हणतात. बाहेरून ती फायबरची दिसते, पण आत बहुतेक वेळा प्लायवूड असतं. इंजिनच्या बोल्टसाठी भोकं पाडली, ती नीट बंद केली नाहीत, की पाणी आत शिरतं आणि प्लायवूड कुजतं. बाहेरची कातडी तशीच चकचकीत राहते. हे शोधायची सोपी रीत म्हणजे हातोडीच्या दांड्याने ठोकत जाणं. चांगल्या जागी 'टक' असा आवाज येतो, कुजलेल्या जागी 'ढब'. शंका आली तर आतल्या बाजूने बारीक भोक पाडून बघायचं. आमच्याकडे त्यातून चहाच्या रंगाचं पाणी आलं. तळाखालच्या कप्प्यात आधीच्या कारागिराने पिवळा फोम ओतला होता, तो पिळला तर स्पंजासारखा पाझरला. वाढलेलं वजन ते हेच.

तर होडीतल्या फोमची पहिली गोष्ट: तो एक पदार्थ नाही. दुकानात गेल्यावर 'फोम द्या' म्हणणं म्हणजे किराणा दुकानात 'पीठ द्या' म्हणण्यासारखं आहे. मामांनी मला पहिलाच प्रश्न विचारला, "फोम म्हणजे थर्माकोलच मां रे?" आणि तिथेच गाडी अडली, कारण थर्माकोलवर पॉलिएस्टर रेझिन लावलं तर थर्माकोल विरघळतं. अक्षरशः. पॉलिएस्टर रेझिनमध्ये स्टायरीन असतं, ते थर्माकोल खातं. वर छान काचेचा थर वाळतो आणि खाली पोकळी उरते. पेट्रोलही थर्माकोल विरघळवतं, आणि होडीत पेट्रोल सांडतंच. थर्माकोल वापरायचंच असेल तर त्यावर इपॉक्सी रेझिन लागतं, ते त्याला खात नाही. पण मग पेट्रोलपासून ते पूर्ण बंद राहील याची जबाबदारी तुमची.

दुसरा फोम म्हणजे ओतायचा पीयू. दोन द्रव मिसळले की दुधासारखा फसफसून पंचवीस-तीस पट फुगतो. काम झटपट होतं म्हणून सगळ्यांना आवडतो. याचं काम एकच: जागा अडवणं, म्हणजे तिथे पाणी येऊ नये. ताकद देणं हे त्याचं काम नाही. आणि वर्षानुवर्षं पाण्यात बसला तर तो हळूहळू पाणी पितो, मामांच्या होडीत प्यायला तसा.

तिसरा म्हणजे पीव्हीसी फोमचे कडक तक्ते. नखाने दाबलं तर खूण उमटते, पण हाताने सहज मोडत नाही. एका घनमीटरला साधारण ८० किलो. महाग आहे, आणि होडीचा तळ किंवा बाजू बांधायला तोच लागतो.

का लागतो, हे सांगायला थोडं गणित, बारावीच्या पुढचं नाही. कुठल्याही फळीचा वाकण्याला होणारा विरोध तिच्या जाडीच्या घनाने वाढतो. जाडी दुप्पट, तर विरोध आठपट. आता ६ मिलिमीटरचा भरीव फायबरचा तक्ता घ्या. तो मधोमध चिरून ३-३ मिलिमीटरचे दोन पापुद्रे करा आणि मध्ये १२ मिलिमीटर फोम घाला. काच तेवढीच, रेझिन साधारण तेवढंच. फोमचं वजन चौरस मीटरला १ किलोपेक्षा कमी. कागदावर ताठपणा १९ पट होतो! फोम स्वतः काहीच उचलत नाही, तो फक्त दोन्ही पापुद्र्यांना एकमेकांपासून लांब धरून ठेवतो. म्हणूनच सगळा खेळ चिकटण्यावर आहे. फोम आणि पापुद्रा यांच्यात हवा राहिली, की ते पुन्हा दोन सुटे पातळ तक्ते. आणि पातळ तक्ता लाटेवर आपटला की काय होतं ते वेगळं सांगायला नको.

एक अपवाद मात्र पक्का लक्षात ठेवा. इंजिनचा शिकंजा जिथे आवळतात तिथे ८० किलोवाला फोम चालत नाही. तो पापडासारखा दबतो. तिथे खूप जड प्रतीचा फोम, भरीव फायबर, नाहीतर चांगलं मरीन प्लायवूड. आम्ही तिथे प्लायवूडच ठेवलं आणि बाकी फळीत फोम. बोल्टच्या भोकांसाठी एक युक्ती आहे, ती मला फार आवडते. हवं त्यापेक्षा मोठं भोक पाडायचं, ते घट्ट केलेल्या इपॉक्सीने पूर्ण भरायचं, वाळलं की त्याच्या मधोमध बोल्टचं खरं भोक पाडायचं. आता बोल्टभोवती इपॉक्सीची नळी तयार झाली. पाणी गळलं तरी लाकडाला लागत नाही. आधीच्या वेळी हे केलं असतं तर अर्धं काम वाचलं असतं.

रेझिन कुठलं, यावर लोक तासन्‌तास भांडतात. माझं मत: जुन्या होडीवर नवा थर चढवायचा असेल, विशेषतः खाली लाकूड असेल, तर इपॉक्सी. पॉलिएस्टर स्वस्त आहे आणि नव्या साच्यातल्या होडीला उत्तम आहे, पण जुन्या, थोड्या ओलसर लाकडावर त्याची पकड कच्ची असते. दोन-चार वर्षांत फायबर सालीसारखं सुटतं, मध्ये पाणी साचतं, आणि लाकूड उघडं असताना कुजलं नसतं इतकं झाकून कुजतं. लाकडावर फायबर चढवणं वाईट नाही. कोचीच्या सीआयएफटी या केंद्रीय संस्थेने रबराच्या झाडाचं लाकूड प्रक्रिया करून, वर फायबरचं कवच चढवून छोट्या होड्या केल्या आहेत. पण तिथे लाकूड आधी कोरडं आणि औषध दिलेलं असतं. 'पावसाआधी पटकन मारून घेऊ' हा वेगळा प्रकार.

इपॉक्सी घेतलंत तर दोन गोष्टी. साधी मॅट घेऊ नका, तिचे धागे ज्या डिंकाने धरलेले असतात तो बहुधा स्टायरीनमध्येच सुटतो. विणलेलं किंवा शिवलेलं कापड घ्या. आणि इपॉक्सीवर नंतर पॉलिएस्टर चढवू नका, धरत नाही. उलट क्रम चालतो.

हवामानाची गंमत अशी, की होडी रिकामी असते ती पावसाळ्यात. १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी, होडी झापांखाली. वेळ आहे, माणसं आहेत, आणि हवेत इतका दमटपणा की काच, फोम, लाकूड सगळं घामेजलेलं. हा काळ खरवडायला, कापायला चांगला. थर चढवायला नाही. एप्रिल-मेच्या उन्हात उलटी अडचण: रेझिन डब्यातच गोठतं. मोठी बादली मिसळलीत तर ती स्वतःच्याच उष्णतेने धूर सोडते. लहान मग, सकाळी लवकर, सावलीत. पॉलिएस्टरला हार्डनर १ ते २ टक्के लागतो, त्यामुळे उन्हात १ च्या जवळ राहता येतं. इपॉक्सीचं प्रमाण मात्र ठरलेलं असतं, त्यात 'थोडा कमी घालू' चालत नाही.

इथे जरा थांबून ऐका. पॉलिएस्टरचा हार्डनर आणि कोबाल्टचं जांभळं द्रव एकमेकांत थेट कधीही ओतायचं नाही. आग लागते, स्फोटही होऊ शकतो. आधी एक रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, मगच दुसरं. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. चष्मा घाला. घासताना मास्क आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट, नाहीतर दोन दिवस अंग खाजवत बसाल.

जोड कसा द्यायचा? भोक बुजवताना कडा सरळ कापून थिगळ लावलं की ते पुढच्या हंगामात निघतं. कड तिरकी घासावी लागते, जाडीच्या १२ पट. ६ मिलिमीटरचा तळ असेल तर भोकाभोवती ७२ मिलिमीटरचा उतार. घासून घासून हात दुखतात, आणि मामा दर अर्ध्या तासाने विचारतात, "भोक मोठं का करतोयस?"

आता तो मुद्दा, ज्यासाठी हा भाग केला.

लाकडी होडी पाण्याने भरली तरी तरंगते, कारण लाकूड पाण्यापेक्षा हलकं. अर्धी बुडून का होईना, धरायला काहीतरी उरतं. फायबर पाण्याच्या साधारण दीडपट जड आहे. फायबरची होडी भरली की इंजिनासकट सरळ तळाला जाते. लाकडावरून फायबरवर येताना आपण होडी हलकी, टिकाऊ, गळती नसलेली केली, आणि नकळत ती एक जुनी सोय काढून टाकली. ती परत आणायची असेल तर बंद कप्प्यांमध्ये फोम हवा. या बाबतीत सगळ्यात गाजलेली होडी म्हणजे १९५८ ची बॉस्टन व्हेलर. दोन फायबरच्या कवचांमध्ये पूर्ण फोम. १९६१ मध्ये 'लाइफ' मासिकाने तिचे फोटो छापले: कंपनीचे मालक डिक फिशर होडीत बसलेत आणि होडी करवतीने मधोमध कापली जातेय. दोन्ही तुकडे तरंगत राहिले.

किती फोम लागतो? आमचा हिशोब असा. होडीचं फायबर ३०० किलो, पण पाण्यात त्याचं वजन ९० किलोच्या आसपास. इंजिन ४०. जाळं, शिसं, नांगर मिळून ४०. तीन माणसं अर्धी पाण्यात असतील असं धरून प्रत्येकी २५. बेरीज २४५, वर थोडी सूट ठेवून ३०० किलो. समुद्राच्या पाण्यात १ लिटर फोम जवळजवळ १ किलो उचलतो. म्हणजे ३०० लिटर, दीड पिंप. १८ फुटी होडीत ही जागा निघते.

पण जागा कुठली, हे प्रमाणाइतकंच महत्त्वाचं. सगळा फोम तळाखाली घातला तर भरलेली होडी उलटते, कारण हलकी बाजू वर यायला बघते. फोम काठांच्या खाली, दोन्ही बाजूंना, शक्य तितका वर हवा. इंजिन मागे, म्हणून मागे थोडा जास्त. आम्ही पीयू थेट होडीत न ओतता २० लिटरच्या बंद कॅनमध्ये ओतला आणि कॅन काठांखाली पक्के बसवले. पुढेमागे शंका आली तर एक कॅन काढून वजन करता येतं.

आणि मग चाचणी. आमच्या धंद्यात बॅकअप आहे म्हणणं वेगळं आणि तो रिस्टोअर करून बघणं वेगळं. खाडीत कमरेइतक्या पाण्यात होडी नेली, इंजिन काढून ठेवलं. त्याच्या जागी वाळूची गोणी टांगणार होते, पण पाण्याखाली वाळूचं एक तृतीयांशाहून जास्त वजन हरवतं. लोखंडाचं जेमतेम आठवा हिस्सा जातं, म्हणून मामांची जुनी साखळी टांगली. बादल्यांनी पाणी भरलं आणि तिघं आत बसलो. काठ पुढे चार बोटं पाण्याच्या वर राहिला, मागे पाण्याच्या बरोबरीला आला. मागच्या बैठकीखाली अजून दोन कॅन घातले आणि पुढच्या रविवारी पुन्हा भरून बघितली. त्या वेळी मागेही दोन बोटं काठ वर होता.