काचेसारखा धातू आणि इमारतीवरचा ताण

मोठ्या शोरूममधून पैसे न देता कपडा बाहेर नेला की दाराशी घंटी वाजते, हे आमच्या धंद्यातील बहुतेकांनी पाहिले आहे. कपड्याला जो प्लास्टिकचा टॅग लावलेला असतो, त्याच्या एका प्रकारात धातूची पातळ पट्टी असते. किंमत किरकोळ, पण धातू मात्र साधा नव्हे. याच जातीचा धातू पुलाच्या दोरावर किंवा इमारतीच्या तुळईवर किती ताण आला आहे, हे सांगू शकतो. आज आम्ही वाचकांना त्याची ओळख करून देत आहोत.

हा विषय व्यापाराच्या पानावर कशाला, असे कोणी विचारील. २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे भिवंडीतील जिलानी बिल्डिंग झोपलेल्या माणसांवर कोसळली. तीन डझनांहून अधिक जीव गेले. ३० ऑक्टोबर २०२२ रोजी गुजरातेत मोरबीचा झुलता पूल तुटला आणि १३५ माणसे दगावली. तेथील विशेष तपास पथकाच्या अहवालानुसार, पुलाच्या मुख्य दोरातील ४९ तारांपैकी २२ तारा आधीच गंजलेल्या होत्या. म्हणजे दोर वरून शाबूत दिसत होता आणि आतून जवळजवळ निम्मा संपला होता. इटलीत जिनोव्हा येथील पूल १४ ऑगस्ट २०१८ रोजी पडला, ४३ माणसे गेली. त्याचे पोलादी दोर तर काँक्रीटमध्ये बंद होते, डोळ्यांना दिसतच नव्हते. आमचे माग, आमचा माल आणि आमचे कारागीर जुन्या इमारतींतच आहेत. आतला ताण बाहेरून कळावा, ही गरज आमचीही आहे.

धातू, पण काचेच्या जातीचा

साध्या लोखंडात अणू ओळीने बसलेले असतात, जसे कापडात ताणा आणि बाणा. पण हे कापड सलग नसते. लहान लहान तुकडे जोडून केलेल्या गोधडीसारखे असते आणि प्रत्येक जोडावर शिवण असते. चुंबकत्व फिरू लागले की या शिवणींवर अडते. काचेत मात्र ओळच नसते. तंतू वाटेल तसे पसरून दाबलेला नमदा असतो ना, तशी तिची रचना. धातूला नमद्यासारखे केले तर शिवण उरत नाही आणि चुंबकत्व विनाअडथळा फिरते. यालाच धातुकाच म्हणतात.

१९६० मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे पोल ड्यूवेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोने व सिलिकॉन यांच्या मिश्रणापासून पहिली धातुकाच केली. वितळलेला धातू निवताना अणू ओळीत बसू पाहतात. त्यांना तेवढी सवडच द्यायची नाही, हे यातले गमक आहे. त्यासाठी सेकंदाला दहा लाख अंश या वेगाने धातू थंड करावा लागतो. पुढे १९७० च्या दशकात अलाइड केमिकल या अमेरिकन कंपनीने ‘मेटग्लास’ या नावाने अशी फीत बाजारात आणली. गरगर फिरणाऱ्या थंड चाकावर वितळलेल्या धातूची धार सोडतात. धार चाकाला लागताक्षणी गोठते आणि फीत होऊन बाहेर पडते. तिची जाडी साधारण २५ मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाहूनही कमी. तिच्यात सुमारे ८० टक्के लोखंड, निकेल किंवा कोबाल्ट असते. उरलेला भाग मुख्यतः बोरॉन व सिलिकॉन यांचा असतो. हे लहान अणू मध्ये घुसून ओळ बसू देत नाहीत.

ताण कसा कळतो?

लोखंडाला चुंबकत्व दिले की त्याची लांबी किंचित बदलते, हे जेम्स जूल यांनी १८४२ मध्ये दाखवले. उलट, ताण दिला की त्याचे चुंबकीय गुण बदलतात, हे इटलीच्या विलारी यांनी १८६५ मध्ये सांगितले. धातुकाचेत हा गुण फार नाजूकपणे काम करतो.

दुकानातला टॅग पाहा. त्यातली पट्टी जेमतेम दीड इंचाची. दारातील यंत्र चुंबकीय लहर सोडते आणि पट्टी सेकंदाला ५८ हजार वेळा थरथरते. लहर थांबली तरी टोला दिलेल्या घंटेसारखी ती क्षणभर घुमत राहते. तेवढ्यात दार तिला ओळखते. तिच्या शेजारी दुसरी, चुंबकत्व धरून ठेवणारी पट्टी असते. चिकटवायच्या टॅगमध्ये काउंटरवर या दुसऱ्या पट्टीचे चुंबकत्व उतरवतात. मग पहिलीचा सूर बदलतो आणि दार गप्प राहते.

इमारतीच्या संवेदकात हीच युक्ती वापरतात. धातुकाचेची पट्टी डबीत मोकळी ठेवतात आणि शेजारची चुंबकीय पट्टी तुळईला घट्ट चिकटवतात. तुळई ताणली गेली की ती पट्टीही ताणली जाते. तिचे चुंबकत्व बदलते आणि मोकळ्या पट्टीचा सूर सरकतो. बाहेरून तारेची गुंडाळी जवळ धरली की हा सूर मोजता येतो. पट्टीला बॅटरी लागत नाही, वायर जोडावी लागत नाही.

जरीच्या तारेचा भाऊबंद

धातुकाचेची तारही होते. काचेच्या नळीत धातू वितळवून नळीसकट खेचायचा, ही रीत टेलर यांनी १९२४ मध्ये सांगितली. आत काही मायक्रॉनची धातूची तार आणि वर काचेचे वेष्टन. तारकशाचे काम ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ही गोष्ट लगेच उमजेल. अशा तारेतून वेगाने उलटसुलट होणारा वीजप्रवाह सोडला तर बाहेरच्या चुंबकीय क्षेत्रात थोडा फरक होताच तिचा अडथळा पुष्कळ बदलतो. काही तारांत तो ताणानेही बदलतो. १९९० च्या दशकात जपानमध्ये यावर मोठे काम झाले आणि आयची स्टील या कंपनीने असे छोटे चुंबकीय संवेदक बाजारात आणले. आपल्याकडे जमशेदपूरच्या राष्ट्रीय धातुकर्म प्रयोगशाळेतही अशा तारांवर संशोधन झाले आहे. काचतंतूंच्या थरांत ही तार घालून ताण ओळखणारा पत्रा करण्याचे प्रयोग अनेक देशांत झाले आहेत. हे काम शेवटी धागे मांडण्याचेच आहे. केंद्र सरकारने २०२० मध्ये तांत्रिक वस्त्रांसाठी १,४८० कोटी रुपयांचे राष्ट्रीय अभियान मंजूर केले. विणकरांच्या शिकलेल्या मुलांनी या बाजूला नजर टाकावी, असे आम्हाला वाटते.

भूलथापांपासून सावध

येथे व्यापाऱ्याची सावधगिरी हवी. टॅग आणि ट्रान्सफॉर्मर यांत हा धातू सर्रास वापरात आहे. इमारती व पुलांसाठी मात्र त्याचे बरेचसे काम अजून प्रयोगशाळेत आणि चाचण्यांतच आहे. सूर वाचायला गुंडाळी जवळ न्यावी लागते. उन्हातान्हाने सूर हलतो. गोंद ढिला झाला तर माप चुकते. संवेदक लावला त्या जागेपुरतेच बोलतो. आणि सर्वांत मोठी गोष्ट अशी की तो चिकटवल्यानंतरचा बदल सांगतो. त्याआधी तीस वर्षे इमारतीने काय सोसले, हे त्याला ठाऊक नसते. म्हणून कोणी डबी दाखवून ‘ही लावा आणि निर्धास्त झोपा’ म्हणाले तर त्याला चार प्रश्न विचारावेत. तापमानाचा हिशेब कसा करता? कोठे कोठे लावणार आणि त्या जागा कोणत्या अभियंत्याने ठरवल्या? वाचन कोण व किती दिवसांनी घेणार? धोक्याचा आकडा आला तर जबाबदारी कोणाची?

फायद्याची गोष्ट आजच हवी असेल तर ती ट्रान्सफॉर्मरमध्ये आहे. माग बंद असले तरी ट्रान्सफॉर्मरचा गाभा चोवीस तास वीज खातो. धातुकाचेच्या गाभ्यात हा रिकामा खर्च साध्या सिलिकॉन पोलादाच्या तुलनेत साधारण ६० ते ७० टक्के कमी होतो. खरेदीची किंमत जास्त पडते. म्हणून स्वतःचा ट्रान्सफॉर्मर घेणाऱ्या कारखानदारांनी दोन्ही दरपत्रके मागवावीत आणि दहा-पंधरा वर्षांच्या विजेचा हिशेब करूनच निर्णय घ्यावा.

इमारतीच्या बाबतीत मात्र नव्या यंत्राची वाट पाहत बसू नये. महाराष्ट्रातील महानगरपालिकांच्या कायद्यात तीस वर्षांहून जुन्या इमारतींची संरचना तपासणी करून घेण्याची तरतूद आहे. ती करून घ्यावी आणि अहवाल कपाटात न ठेवता भाडेकरू व कारागीर यांना दाखवावा. वरच्या मजल्यावर माग बसवण्याआधी आणि ताक्यांच्या गाठी रचण्याआधी अभियंत्याला विचारावे. तुळईला नवी भेग दिसली तर तिच्या दोन्ही टोकांना तारखेसह खूण करावी आणि दर आठवड्याला पाहावे. खूण ओलांडून भेग पुढे गेली तर त्याच दिवशी माग थांबवावेत, माणसे बाहेर काढावीत आणि अभियंत्याला बोलवावे. एका दिवसाचे उत्पादन बुडाले तर ते पुन्हा भरून काढता येते.