गुप्तधन आणि गंजका खिळा

नांदेडहून हिंगोलीकडे निघालेले कुटुंब वारंगा फाट्यावर चहाला थांबते. डिकीत मुलांसाठी घेतलेला मेटल डिटेक्टर. तो फिरवायचा कुठे? देवळाच्या आवारात किंवा जुन्या गढीवर मुळीच नको. नात्यातल्या कुणाचे शेत बरे, तेही विचारून. दहा रुपयांहून अधिक मोलाचे गुप्तधन लागले, तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. हाती येतात ते बहुधा खिळेच! धनुर्वात मात्र गंजाने होत नाही. त्याचे जंतू मातीत, शेणखतात वर्षानुवर्षे टिकून राहतात. खोल, मातीने भरलेली जखम साबणपाण्याने धुवावी, हळद भरू नये. शेवटच्या डोसला पाच वर्षे उलटली असतील, तर लगेच टीडीचे इंजेक्शन घ्यावे. मुलांना ते दहाव्या आणि सोळाव्या वर्षी मिळते. खड्ड्यात हात घालणाऱ्या आजोबांनी शेवटचे कधी घेतले, हे घरात कुणालाच आठवत नसते.