मानखांद्याची दुखणी आणि घरचा हात

अक्कलकोट तालुक्यातील मैंदर्गी हे कर्नाटकाच्या सीमेजवळचे गाव. येथे मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषा शेजारी शेजारी नांदतात. सकाळी उठताना मान धरली की कोणी ‘मान अवघडली’ म्हणते, कोणी ‘कुत्तिगे नोवु’ म्हणते. पुढचा उपाय मात्र दोन्ही भाषांत एकच असतो: वाटीत कोमट केलेले तेल आणि घरातील कोणाचा तरी हात.

वाचकहो, हा उपाय हसण्यावारी नेण्याजोगा नाही, तसाच तो डोळे मिटून करण्याजोगाही नाही. वडीलधाऱ्यांची मान चोळताना हाताला काय साधते, काय साधत नाही आणि कोणत्या वेळी हात आवरून थेट डॉक्टरांकडे जावे, हे सेवा करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असावयास हवे.

दुखणे येते कोठून?

आपल्या मस्तकाचे वजन सुमारे साडेचार ते पाच किलो असते. मानेतील सात मणके आणि त्यांच्या भोवतीचे स्नायू हा भार दिवसभर पेलतात. भरलेली घागर कमरेशी धरली तर फारशी जड वाटत नाही. तीच हात लांब करून धरली तर क्षणभरही पेलवत नाही. मान पुढे झुकली की मानेमागच्या स्नायूंची अवस्था तशीच होते.

आपल्या जिल्ह्यातील कितीतरी कामे अशी मान झुकवूनच होतात. ज्वारीची काढणी, चुलीपुढे बसून भाकरी थापणे, यंत्रमागावर तुटलेला धागा जोडणे, शिवणयंत्र चालविणे. सोलापुरातील हजारो स्त्रियांनी मांडीवर सूप घेऊन, नजर खाली ठेवून वर्षानुवर्षे विड्या वळल्या आहेत. तरुणपणी रात्रीच्या झोपेने उतरणारा हा ताण साठीनंतर मुक्कामाला राहतो. मणक्यांमधील चकत्या झिजतात, सांधे ताठरतात आणि खांद्याचे स्नायू दोरखंडासारखे कठीण लागू लागतात. त्यातच आता मोबाइलच्या पडद्यावर झुकलेली मान आली आहे.

खांद्याचे आणखी एक दुखणे ध्यानात ठेवावे. हात मागे नेऊन पोलक्याची गाठ बांधता येत नाही, वरच्या फळीवरचा डबा काढता येत नाही, त्या कुशीवर झोपवत नाही, अशी तक्रार असेल तर तो बहुधा ‘फ्रोझन शोल्डर’, म्हणजे आखडलेला खांदा असतो. मधुमेही व्यक्तींत तो अधिक आढळतो. तो केवळ चोळून मोकळा होत नाही. त्यास वैद्यकीय सल्ला आणि नियमित व्यायाम हवा.

चोळण्याने काय साधते?

मर्दनाने आखडलेले स्नायू सैल होतात, त्वचेला ऊब मिळते, वेदनेची जाणीव काही काळ मंदावते आणि मन शांत होते. झिजलेली चकती मात्र त्याने पूर्ववत होत नाही. अमेरिकेत जुनाट मानदुखीच्या २२८ रुग्णांवर केलेला एक अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात आठवड्यातून दोन किंवा तीन वेळा, प्रत्येकी ६० मिनिटे, प्रशिक्षित व्यक्तीकडून मसाज घेणाऱ्यांना पाच आठवड्यांत स्पष्ट आराम पडला. केवळ ३० मिनिटांचा मसाज घेणारे आणि उपचाराची वाट पाहत थांबलेले रुग्ण यांच्यात मात्र म्हणण्यासारखा फरक दिसला नाही.

मग घरी दहापंधरा मिनिटे चोळून काय उपयोग, असे आपण विचाराल. उपयोग आहे, पण तो वेगळा आहे. त्या थोड्या वेळात स्नायू जे सैल होतात, त्या सैलपणाचा लाभ घेऊन मान आणि खांदे हलवावयाचे असतात. चोळून घेऊन लगेच अंथरुणावर पडले तर दुसऱ्या दिवशी मान पुन्हा तशीच असते.

चोळण्यापूर्वी विचारावयाचे प्रश्न

पहिला प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. मान, डावा खांदा, जबडा किंवा हात दुखताना छातीत दडपण, घाम, धाप किंवा मळमळ आहे काय? असेल तर तेलाची वाटी बाजूला ठेवा. हे हृदयविकाराचे लक्षण असू शकते. मधुमेही आणि वृद्ध व्यक्तींत छातीत कळ न येताही झटका येऊ शकतो. मैंदर्गीसारख्या ठिकाणाहून अक्कलकोट गाठून पुढे सोलापूरला जावयाचे तर वेळ जातोच. त्यातला अर्धा तास खांदा चोळण्यात घालवू नये. तत्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

दुसरा प्रश्न: हाताला मुंग्या, बधिरपणा वा अशक्तपणा आहे काय? सदऱ्याची बटणे लावताना बोटे अडखळतात, चालताना तोल जातो किंवा लघवीवरचा ताबा सुटला आहे काय? असे असल्यास मज्जातंतू वा मज्जारज्जू दाबला गेलेला असू शकतो.

तिसरा: अलीकडे पडणे, धडकणे झाले आहे काय? ताप, अकारण घटलेले वजन किंवा रात्री झोपेतून उठविणारी वेदना आहे काय? पूर्वी कर्करोग झाला होता काय? यांपैकी काहीही असल्यास आधी तपासणी.

चौथा: रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत काय? हाडे ठिसूळ झाली आहेत काय? जुना आमवात आहे काय? अशा व्यक्तींना डॉक्टरांना विचारल्याविना मर्दन करू नये आणि परवानगी मिळाली तरी हात हलकाच ठेवावा. सूज, जखम, पुरळ किंवा नागीण असलेल्या जागी तेल लावून चोळू नये.

असा विवेक काही आजचा नव्हे. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’त दिनचर्येत नित्य अभ्यंग सांगितला आहे, आणि तेथेच अजीर्ण व कफविकार असताना तो टाळावा, असेही सांगितले आहे.

घरी मर्दन कसे करावे?

वडीलधाऱ्यांना खुर्चीवर, टेबलाकडे तोंड करून बसवावे. टेबलावर उशी ठेवून तीवर हातांची घडी आणि घडीवर कपाळ टेकवू द्यावे, म्हणजे मानेवरचा भार उतरतो. वाऱ्याचा झोत अंगावर येऊ देऊ नये.

आधी आठदहा मिनिटे शेक द्यावा. गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून ठेवावी आणि तिची उष्णता आधी आपल्या मनगटावर पाहावी. मधुमेहामुळे त्वचेची जाणीव मंदावलेली असते; चटका बसला तरी कळत नाही. तेल तिळाचे असो, करडईचे असो वा खोबरेल. ते कोमट असावे, एवढे पुरे.

आरंभी दोन्ही तळव्यांनी मानेच्या मागून खांद्यांपर्यंत हलके, लांब हात फिरवावेत. मग मान आणि खांदा यांमधला मांसल भाग अंगठा व बोटांत धरून कणीक मळावी तसा सावकाश मळावा. पाठीच्या फऱ्याच्या आतील कडेने अंगठ्याने लहान वर्तुळे काढावीत. कवटीच्या खालच्या कडेला बोटांच्या टोकांनी हळूच दाबावे. शेवटी पुन्हा हलका हात फिरवावा. दहा ते पंधरा मिनिटे पुरेशी आहेत.

दोन जागा वर्ज्य. मणक्यांच्या हाडांवर थेट दाब देऊ नये. त्यांच्या दोन्ही बाजूंच्या स्नायूंवर द्यावा. मानेच्या पुढच्या आणि बाजूच्या भागाला, जेथे नाडीचे ठोके लागतात तेथे, मुळीच दाबू नये. तेथील दाबाने रक्तदाब एकाएकी उतरून भोवळ येऊ शकते.

दाब किती असावा? सोळा आण्यांच्या मापाने विचारावे. दुखणे चार आण्यांपलीकडे जाता कामा नये. आपली वडील माणसे संकोचाने ‘राहू दे, बरं वाटतंय’ म्हणतात; म्हणून आपणच मध्ये मध्ये विचारीत राहावे आणि चेहऱ्याकडे लक्ष ठेवावे.

मर्दन संपल्यावर मान, हात आणि तळपाय कोरड्या फडक्याने पुसावेत, फरशीवर सांडलेले तेल टिपावे आणि दोन मिनिटे बसू देऊन मगच आधाराने उठवावे. मानेचे दुखणे उतरविताना खुब्याचे हाड मोडून घेऊ नये.

मान मोडून घेऊ नका

केस कापून झाल्यावर मानेला झटका देऊन ‘कड्’ असा आवाज काढून घेण्याची अनेकांना सवय असते. आवाज आला की मोकळे वाटते, हे खरे. परंतु मेंदूला रक्त पोहोचविणाऱ्या दोन रक्तवाहिन्या मानेच्या मणक्यांमधूनच वर जातात. एकाएकी दिलेल्या झटक्याने त्यांचे आतील अस्तर फाटून पक्षाघात झाल्याच्या घटना वैद्यकशास्त्रात नोंदल्या गेल्या आहेत. असे क्वचितच घडते. पण वृद्धांनी ती जोखीम घेऊ नये. नम्रपणे नको म्हणावे.

सैल झालेल्या मानेला हालचाल

मर्दनानंतर बसल्या जागी हे करावे. ताठ बसून हनुवटी सरळ मागे घ्यावी, पाच अंक मोजावेत, सोडावी. दोन्ही खांदे कानांकडे उचलून मागच्या बाजूने गोल फिरवीत खाली आणावेत. पाठीचे फरे एकमेकांकडे ओढून पाच अंक थांबावे. मान सावकाश उजवीकडे, मग डावीकडे वळवावी. ती गरगर फिरवू नये. भिंतीसमोर उभे राहून बोटे मुंगीसारखी वर चढवावीत आणि रोज हात कोठवर पोहोचला तेथे खडूची खूण करावी. प्रत्येक क्रिया पाच ते दहा वेळा, दिवसातून दोनदा. चक्कर आली किंवा हातात कळ गेली तर थांबावे.

रात्री दोन उशा एकावर एक घेऊ नयेत. मानेखालची पोकळी भरेल अशी एकच उशी घ्यावी. दुपारच्या कामात अर्ध्या तासाने उठून चार पावले चालावे. दोनतीन आठवड्यांत उतार न पडल्यास तज्ज्ञांना दाखवावे आणि फिजिओथेरपी सुरू करावी.

आणि चोळणाऱ्या हातांसाठी

बहुतेक घरांत ही सेवा पत्नी, सून किंवा लेक करते आणि तिची स्वतःची मान दुखत असते. तिने वाकून नव्हे, तर उभे राहून, कोपर सरळ ठेवून, अंगाच्या भाराने दाब द्यावा. अंगठे दुखू लागल्यास तळव्याचा वापर करावा. आठवड्यातील काही दिवस हे काम घरातील मुलाने वा नातवाने घ्यावे. पद्धत एकदा दाखविली की कोणासही जमते. आणि एखाद्या संध्याकाळी खुर्चीवर तिला बसवून, तेलाची वाटी दुसऱ्याने हाती घ्यावी.